मळलेली वाट

"मळलेल्या वाटेने जाऊ नका," हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षे वर्गात उच्चारीत आले आहे. निबंध तपासताना समासात लाल शाईने लिहीतही आले आहे. मळलेली वाट सोडली तो लेखक मोठा आणि धरली तो सामान्य, इतका सोपा हिशेब मी मुलांना शिकवला. वाट मळते कशी, कोणाच्या पायांनी मळते आणि मळताना त्या पायांचे काय होते, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो पडला गेल्या जानेवारीत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या एका जंगलात, मांडीभर बर्फात. त्याचे उत्तर मिळवताना माझ्या उजव्या पायाची बोटे थोडक्यात बचावली.

पुण्याच्या वसतिगृहात आम्ही चौघी तीन वर्षे एका खोलीत राहिलो. पुढे तिघी अमेरिकेत गेल्या आणि योगायोगाने कॅलिफोर्नियातच स्थिरावल्या. मी एकटी मराठी शिकवीत इथे राहिले. तिघींची वसतिगृहातली नावेच अजून चालतात, म्हणून इथेही तीच वापरते. ताई आमच्याहून दीड वर्षाने मोठी. पहाटे पाचला उठून बंबाचे गरम पाणी चौघींसाठी भरून ठेवणारी. ती आता इंजिनिअर आहे आणि दर हिवाळ्यात पाठीवर बिऱ्हाड घेऊन बर्फात जाते. वकील ही बँकेत आहे, परंतु तिने वाद घातला नाही असा दिवस आम्हांला आठवत नाही. आणि धाकटी लहान मुलांची डॉक्टर आहे.

"ह्या खेपेला तूही चल," ताई फोनवर म्हणाली. "बॅजर पासपासून ड्युई पॉइंट. साडेपाच किलोमीटर जायचं, एक रात्र तंबूत राहायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं."

साडेपाच किलोमीटर! मला हसू आले. दर पावसाळ्यात सिंहगड चढून-उतरून जेवायला घरी येणारी मी. एवढ्यासाठी हिला आठवडाभर तयारी कसली लागते?

योसेमितीचे नाव आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या कानावर असते. सिएरा नेवाडा पर्वतातली ही दरी व तिच्या भोवतालचे अरण्य १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. सिएरा नेवाडा ह्या स्पॅनिश शब्दांचा अर्थच हिमाच्छादित डोंगररांग. उन्हाळ्यात तिथे माणसांची जत्रा असते. हिवाळ्यात वरचा रस्ता बॅजर पासपर्यंतच मोकळा ठेवतात. तिथे १९३५ पासून स्कीइंग चालते. त्यापुढचा रस्ता बर्फाखाली जातो आणि जंगल आपले आपल्याला परत मिळते. तिथे रात्री राहायचे तर परवाना काढावा लागतो आणि अन्न अस्वलाला उघडता येणार नाही अशा जाड डब्यात ठेवावे लागते. हिवाळ्यातसुद्धा! सगळीच अस्वले वाघासारखी शब्द पाळून झोपत नाहीत, असे वकील म्हणाली. वाघ कोणता शब्द पाळतो, हे विचारण्याचे मी टाळले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ताईने भाड्याने आणलेले स्नोशू माझ्यापुढे ठेवले. मराठीची प्राध्यापिका म्हणून प्रतिशब्द शोधणे मला भाग होते. 'हिमपादुका' सुचला. ताईने त्या वस्तूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सुपं म्हण." खरोखरच ती दोन सुपे होती. लांबट, पुढून किंचित वर वळलेली. अल्युमिनियमच्या नळीची चौकट, तिच्यात ताणून बसवलेला चिवट कृत्रिम पडदा आणि चवड्याखाली पोलादी दात. बूट फक्त चवड्यापाशी बांधायचा, टाच मोकळी. पाऊल उचलले की टाच वर येते आणि सुपाची शेपटी मागे बर्फावर घासत येते.

त्यामागची विद्या सोपी आहे. बुटाच्या तळव्यापेक्षा सुपाचा पसारा चार-पाच पट मोठा. तेवढ्या जागेवर भार विभागला की जो बर्फ तुम्हांला मांडीपर्यंत गिळतो, तोच वीतभर दबून तोलून धरतो. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी ही विद्या शतकानुशतके जोपासली. अ‍ॅश झाडाचे लाकूड वाफेवर वाकवून चौकट करायची आणि तिच्यात कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी विणायची. दाट झाडीत फिरायला आखूड, गोलसर. मोकळ्या मैदानात चालायला लांब, शेपटीची. चौकटीचे लाकूड गेले आणि धातू आला, एवढाच काय तो फरक.

मग वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या थाटात ताईने माझी पिशवी तपासली. सुती ते सगळे बाहेर. "सुती कापड घामानं भिजलं की वाळत नाही, आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी थोडी तरी ऊब धरते." मी मान डोलावली. पण लोकरीचे मोजे मला भयंकर खाजतात. सकाळी अंधारात मी पुण्याहून नेलेले पातळ सुती मोजे आधी चढवले आणि त्यांवर लोकरीचे. बुटात काय आहे, हे कोणाला दिसणार होते?

बॅजर पासला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. उंची सात हजार दोनशे फूट. दोन दिवस पडत असलेला बर्फ आदल्या रात्री थांबला होता, आणि ऊन असे होते की काळा चष्मा काढताच डोळ्यांतून पाणी यावे. पहिला दीडएक किलोमीटर बर्फाखालच्या रस्त्यावरूनच गेला. तिथे स्कीवाल्यांनी दोन समांतर चऱ्या पाडल्या होत्या. मी आपली सोयीस्कर म्हणून त्यांतूनच चालू लागले, तो वकिलीने मला दंडाला धरून बाजूला ओढले. स्कीच्या चऱ्यांवर सुपे घालायची नाहीत, असा इथला शिष्टाचार आहे. त्यांची वाट मोडते. आपण शेजारी आपली वेगळी पाडायची.

रस्ता सोडून डावीकडे कुरणात शिरलो आणि माणसांच्या खुणा संपल्या. समोर पांढरेशुभ्र, एकही सुरकुती नसलेले मैदान. त्यापलीकडे रेड फर वृक्षांचे जंगल, खोड सरळ आणि तांबूस. ह्या खोडांवर एका उंचीपासून वर पिवळे-हिरवे शेवाळासारखे काही माजले होते. त्याखाली खोड स्वच्छ. ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातले. "मसाल्यात घालू नकोस हं, हे विषारी आहे," धाकटी म्हणाली. मग तिने सांगितले, की हिवाळ्यात बर्फ साधारण जिथपर्यंत चढतो त्याच्या खाली ते वाढत नाही. खोडाखोडावर निसर्गाने बर्फाची रेघ मारून ठेवली होती. ती रेघ माझ्या डोक्याच्या वर होती!

ताज्या बर्फात पुढे चालणाराला दुप्पट कष्ट पडतात. त्याने बर्फ दाबायचा, गुडघा उचलायचा, पुन्हा दाबायचा. दुसरा त्याच ठशावर पाय ठेवतो, त्याला थोडे कमी. तिसरा आणखी कमी. चौथ्याला तयार पायवाट मिळते, पुण्याच्या बागेत फिरल्यासारखी. म्हणून पाळ्या लावायच्या. पुढच्याने दोनशे पावले मोजायची, बाजूला व्हायचे, सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचे आणि शेपटाला लागायचे. ताईने दोनशे पावले टाकली, वकिलीने टाकली, धाकटीने टाकली. "तू राहू दे," ताई मला म्हणाली.

आता सिंहगड चढणाऱ्या बाईला हे कसे सहन व्हावे? मी पुढे झाले. ऐंशी पावलांत श्वास फुलला. शंभराला छातीत भाता चालू झाला. सव्वाशेला कळले, की वाट ही जमिनीवर नसतेच. ती पायाखालून एकेक वीत काढावी लागते. पण दोनशेला थांबले नाही. अडीचशे केली, तीनशे केली. "घाम येऊ देऊ नकोस!" ताई मागून ओरडत होती. बर्फात घाम हा शत्रू. चालताना तो ऊब वाटतो, आणि थांबलात की तोच तुम्हांला गारठवतो. मी ऐकले नाही. बाजूला झाले तेव्हा पाठ, कपाळ, पाय, सगळे चिंब होते, आणि मनातून मी फार खूश होते.

मग मी शेवटची. पुढे तीन पाठी, त्यांनी दाबून दिलेली वाट आणि मी. जंगल दाट झाले, ऊन गेले, आभाळ राखाडी झाले आणि वारा सुटला. उजवे पाऊल आधी गार पडले. मग दुखू लागले. दहा मिनिटे चांगलेच दुखले. "बरी आहेस ना गं?" ताईने मागे न वळता विचारले.

"मस्त!" मी म्हणाले.

का म्हणाले? माझ्यामुळे तिघींना थांबायला नको. सूर्यास्ताच्या आत त्यांना ड्युई पॉइंट गाठायचा होता. शिवाय थांबले असते तर बूट काढावा लागला असता आणि ते मोजे दिसले असते. आपल्याकडे ह्या वृत्तीला भीड म्हणतात आणि तिची गणना सद्गुणांत करतात. थोड्या वेळाने पाय दुखायचा थांबला. मला वाटले, बरे झाले, सवय झाली.

दोन-तीनदा मी अडखळले. एकदा तर सूप सुपावर पडून आडवी झाले आणि एका झाडाच्या बुंध्याशी जाऊ लागले. धाकटीने पिशवीचा पट्टा पकडून मागे खेचले. फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ भरत नाही, आत विहीर राहते, आणि तीत डोके खाली गेलेला माणूस एकटा बाहेर येत नाही. मला उठवता उठवता वकिलीचे लक्ष माझ्या ठशांकडे गेले. डावा ठसा स्वच्छ होता. उजव्याची मात्र लांबच लांब फरफट.

"हिचा उजवा पाय घासतोय," ती म्हणाली. "कधीपासून?"

"काही नाही गं, थोडा बधिर..."

"बधिर" हा शब्द ऐकताच धाकटीतली डॉक्टर जागी झाली. मला पाठपिशवीवर बसवले. बूट निघाला, लोकरीचा मोजा निघाला आणि आतला ओलाकिच्च सुती मोजा तिच्या हातात आला. तिने तो दोन बोटांत धरून बाकीच्यांना दाखवला. कोणी काही बोलले नाही. त्या वेळी कोणी रागावले असते तर मला बरे वाटले असते. बोटे पांढरी पडली होती, मेणबत्तीसारखी, आणि धाकटीने चिमटा घेतला तो मला कळलाच नाही.

मला वाटले, आता चोळतील. "चोळायचं नाही," धाकटी म्हणाली. "आत इजा होते. विस्तवाजवळही धरायचं नाही. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही." ताई तोवर खाली बसली होती. तिने आपल्या जाकिटाची, स्वेटरची बटणे, साखळ्या उघडल्या, माझे ते बर्फासारखे पाऊल उचलले आणि सरळ आपल्या उघड्या पोटाला लावून वरून कपडे ओढून घेतले. तिच्या तोंडून एक हुंकार निघाला, तेवढाच. पहाटेच्या बंबाच्या पाण्याची मला आठवण झाली.

वीसएक मिनिटांनी पायात प्राण परतला. तो कसा परतला ते सांगत नाही. बाळंतपण झालेल्या बाईलाही रडू यावे असा परतला. बोटे लाल झाली, आणि चिमटा कळला. "वाचलीस," धाकटी म्हणाली. "वरच्यावर होतं. आणखी तासभर 'मस्त' म्हणाली असतीस तर सांगता येत नव्हतं."

तेव्हा ताई बोलली. "तू पडलीस तर आम्हांला ऐकू येतं. दमलीस तर श्वास ऐकू येतो. पण पाय गार पडलाय, हे तू सांगितल्याशिवाय आम्हांला कुठल्या शास्त्राने कळावं?"

ड्युई पॉइंट तिथून किलोमीटरभरच होता. तिथला सूर्यास्त त्या तिघींनी किती दिवसांपासून मनात धरला होता. कोणी त्याचा उच्चारही केला नाही. झाडीच्या आडोशाला सपाट जागा बघून वकिलीने पिशवी उतरवली.

बर्फावर तंबू ठोकायचा म्हणजे आधी जमीन तयार करायची. सुपांनी तुडवून तुडवून चौक दाबायचा आणि अर्धा तास तसाच ठेवायचा. दाबलेले कण एकमेकांना धरतात आणि ओटा फरशीसारखा कठीण होतो. मला स्लीपिंग बॅगेत गुंडाळून स्वयंपाकावर बसवले. तिथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. भांड्यात आधी घोटभर पाणी ठेवायचे, नाहीतर भांडे करपते. भुसभुशीत बर्फाची दहा पातेली घालावी तेव्हा एक पातेले पाणी हाती येते.

"हे मोजणारा एक माणूसही भाषेचाच मास्तर होता," ताई म्हणाली. मला बरे वाटावे म्हणूनच तिने हे काढले असावे. नेवाडा विद्यापीठात जेम्स चर्च नावाचे लॅटिनचे प्राध्यापक होते. १८९५ साली ते भर हिवाळ्यात रोझ पर्वतावर चढले आणि बर्फाच्या नादी लागले. बर्फ किती खोल आहे ह्यापेक्षा त्यात पाणी किती आहे, हे महत्त्वाचे, हे त्यांनी ओळखले. एक पोकळ नळी बर्फात खुपसायची, आत आलेल्या बर्फासकट तिचे वजन करायचे. वजनावरून पाणी कळते. वसंतात नद्यांना किती पाणी येणार, ह्याचा अंदाज त्या नळीने बांधता येऊ लागला. कॅलिफोर्नियाच्या पाण्यापैकी सुमारे तीस टक्के पाणी ह्या डोंगरांवरच्या बर्फाचे असते, तेव्हा हा हिशेब काही लहानसहान नव्हे.

खिचडी झाली, डिंकाचे लाडू झाले. बाहेर उणे नऊ अंश. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवल्या. पाणी वरून गोठत येते, म्हणजे सकाळी तोंड मोकळे राहते. एक बाटली उकळत्या पाण्याने भरून ताईने माझ्या पायाशी सरकवली. चौघी एका तंबूत, तीस वर्षांपूर्वीच्या खोलीसारख्या. आणि मग तिने दुसऱ्या एका शेवटच्या माणसाची गोष्ट सांगितली.

१८४६ साली ह्याच पर्वतरांगेत, आमच्या उत्तरेला, कॅलिफोर्नियाला निघालेल्या वसाहतवाल्यांचा एक तांडा बर्फात अडकला. डोनर तांडा म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे. ऐंशीएक माणसे, निम्मी मुले. अन्न संपत आले तेव्हा त्यांनी बैलांच्या जोखडांची वाकलेली लाकडे चिरून आणि कच्चे कातडे विणून स्नोशू केले, आणि १६ डिसेंबरला सतरा जण मदत आणायला निघाले. दोघे लगेच मागे फिरले. पंधरा पुढे गेले. त्यांत चार्ल्स स्टँटन होता. तो एकटा माणूस, तांड्यात त्याचे रक्ताचे कोणी नाही. तो आधीच एकदा पुढे जाऊन पलीकडे सुखरूप पोचला होता, आणि तरी खेचरांवर अन्न लादून ह्या लोकांसाठी परत आला होता. आता बर्फाच्या चकाकीने त्याचे डोळे गेले आणि तो मागे पडू लागला. रोज सगळ्यांनंतर मुक्कामावर येई. सहाव्या सकाळी तो शेकोटीशी चिलीम ओढीत बसला होता. येतोस ना, असे कोणी विचारले. येतोच, असे तो म्हणाला. बाकीचे निघाले. तो आला नाही.

त्या पंधरांपैकी पलीकडे पोचले सात. निघाल्यापासून तेहतीस दिवसांनी. वाटेत भुकेने जे घडले ते दिवाळीच्या अंकात सांगण्यासारखे नाही. त्या सातांत दोन पुरुष होते आणि निघालेल्या पाचही बायका होत्या.

तंबूत बराच वेळ कोणी बोलले नाही. स्टँटनला आपले काय होणार हे ठाऊक होते आणि त्याने इतरांसाठी ते बोलून दाखवले नाही. त्याच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. माझ्याजवळ होता. तिघी हाकेच्या अंतरावर होत्या. माझ्या "मस्त" मध्ये आणि त्याच्या "येतोच" मध्ये एवढा फरक होता, आणि तो मला झोप लागू देईना.

सकाळी आभाळ निवळले होते. धाकटीने बोटे तपासली, रंग पाहिला, चिमटे घेतले. कोरडे लोकरीचे मोजे चढवले. तेही खाजले, काय बिघडले? ड्युई पॉइंटला जायचे की नाही, हे मत माझ्यावर सोपवले, पण एका अटीवर. दर पंधरा मिनिटांनी मी मोठ्याने पायाच्या बोटांची हजेरी घ्यायची. मी ती घेतली. "अंगठा?" "हजर." "करंगळी?" "हजर, पण उशिरा आली." जंगलात चौघी जणी हसत होत्या.

ड्युई पॉइंटला जंगल एकाएकी संपते. पायांखाली तीन हजारांहून अधिक फुटांची दरी, आणि पलीकडे एल कॅपिटनचा एकसंध कडा, उन्हात धुतलेला. पूर्वेला हाफ डोमचे अर्धे डोके. तिथे आम्ही पाऊण तास बसलो आणि चहा प्यालो. फोटोत माझा चेहरा सुजलेला आहे; रात्रभर झोप नव्हती.

परतताना वाट ओळखू येईना. काल आम्ही कष्टाने दाबलेला चर रात्रीतून गोठून टणक झाला होता. सुपे त्यावरून खडखडत होती. माझी ती हट्टाची तीनशे पावलेही त्यात कुठेतरी होती. कुरणाजवळ समोरून एक तरुण जोडपे येताना दिसले, आमच्याच वाटेवरून, झपझप. जाताना मुलाने हात वर करून वाटेबद्दल आभार मानले. मी मागे वळून पाहिले. बर्फावर ती एक अरुंद निळसर रेघ झाडीत शिरत गेली होती. तिच्यात चार जणींपैकी कोणाचे पाऊल कोणते, हे कोणालाही सांगता आले नसते.

मळलेल्या वाटेने जाऊ नका, असे मी वर्गात अजूनही म्हणते. फक्त आधी ती कोणी मळली, हे शोधायला सांगते. आणखी एक सवय लागली आहे. तास संपताना "समजलं ना?" असे विचारले, की शेवटच्या बाकावरून आवाज येतो, "हो मॅडम." पूर्वी मी तेवढ्यावर पुस्तक मिटत असे. आता मिटत नाही. उठून शेवटच्या बाकापर्यंत जाते आणि वही पाहते.